बेसचे वीस गुण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाची रंगभूषेची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. मीरा कोळेकर या विद्यार्थिनीला पन्नासपैकी अठरा गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला वीस लागतात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पात्रानुरूप बेस लावलेला नाही.' बेसला वीस गुण होते. त्यांपैकी तिला शून्य होतं.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. कॉलेज स्वायत्त होतं, म्हणजे आपला अभ्यासक्रम आपण ठरवून परीक्षाही आपणच घेणारं. त्याचं नाव इथे देत नाही. मी तिथे शैक्षणिक विभागात इतिवृत्तलेखक होतो. त्याआधी एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिकाची शहर आवृत्ती बंद पडली, तेव्हा कॉलेजला बैठकांचे वृत्तांत लिहिणारा माणूस हवा होता आणि मला टेबल हवं होतं.

हे काम बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. प्रत्येक विषयाचं एक अभ्यासमंडळ असतं. त्यात विभागप्रमुख, दोन-तीन प्राध्यापक आणि एखादा बाहेरचा, त्या धंद्यातला माणूस असतो. कोणतं पुस्तक लावायचं, कशाला किती गुण द्यायचे, हे मंडळ ठरवतं. बैठकीत एक माणूस कोपऱ्यात बसून लिहीत असतो. त्याला बोलायचा अधिकार नसतो. नंतर तो विषय क्रमांक, चर्चा आणि ठराव अशा क्रमाने इतिवृत्त तयार करतो. पुढच्या बैठकीत ते वाचून कायम केलं जातं. एकदा कायम झालं की बैठकीत तेवढंच घडलं, असं धरलं जातं.

मी वर्तमानपत्राची शिस्त तिथे नेली. विशेषण नको, कोण काय म्हणालं ते नको, आवाज चढल्याचं नको. इतिहासाच्या मंडळात एकदा सप्टेंबर अठ्ठेचाळीसमध्ये जे झालं त्याला पोलीस कारवाई म्हणायचं, मुक्तिसंग्राम म्हणायचं की आणखी काही, यावर दोन चहा होईपर्यंत चर्चा झाली. एका सदस्याचे वडील त्याआधीचे महिने तुरुंगात होते. दुसऱ्याचे आजोबा त्या आठवड्यात घरातून बाहेर पडले ते परत आले नाहीत. दोघंही शांतपणे बोलले. मी लिहिलं, 'विषय क्र. ४. प्रकरणाच्या शीर्षकाबाबत चर्चा झाली. शीर्षक जैसे थे ठेवण्यात आले.' दोघांनीही सही केली. ती ओळ मला तेव्हा चांगली जमल्यासारखी वाटली होती.

वाणिज्य मंडळात एक सदस्य होते. ते प्रत्येक बैठकीत म्हणायचे, 'माझा तीव्र विरोध नोंदवा.' संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, 'तीव्र काढा.' दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यायचा, 'विरोध पण राहू द्या आता.' मी नोंदवतच नसे, त्यामुळे काढायचा प्रश्न आला नाही.

इतिवृत्त कायम झालं की मी कच्च्या वहीतली ती पानं फाडून टाकत असे. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. बातमी छापून आली की हस्तलिखित टोपलीत जायचं, ती सवय होती.

त्या वर्षी मार्चमध्ये सगळ्या विभागांना वरून एक परिपत्रक आलं होतं. अभ्यासक्रम सर्वसमावेशक असावा, त्यात जात, वंश, रंग, प्रदेश यावरून कोणालाही कमी लेखणारा मजकूर असल्यास तो शोधून कळवावा, असं त्यात होतं. खाली दोन पर्याय होते, 'आढळले' आणि 'निरंक'. नाट्यशास्त्र विभागाने 'निरंक'वर खूण करून पाठवलं. त्या कागदाचा मसुदाही मीच केला होता. तेव्हा त्यात कोणालाच काही चुकीचं वाटलं नाही.

निकाल लागल्यावर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मीरा कोळेकर माझ्या टेबलापाशी आली. गंगापूर तालुक्यातल्या एका गावातली, मेंढपाळ घरातली. वडील अजूनही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचे. ही घरातली पहिली पदवीधर. एका निवासी शाळेत कलाशिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती. जुलैअखेर मूळ गुणपत्रिका दिली नाही तर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावणार होते.

तिला अर्ज कसा लिहायचा ते विचारायचं होतं. मी परीक्षेत काय झालं ते आधी विचारलं.

रंगभूषेच्या परीक्षेत प्रत्येकाला एक चिठ्ठी उचलावी लागते. चिठ्ठीवर पात्र असतं. दीड तासात स्वतःच्या चेहऱ्यावर ते पात्र उभं करायचं. आधीचा एक आणि नंतरचा एक, असे दोन फोटो काढून उत्तरपत्रिकेला लावतात. बेस म्हणजे सगळ्या चेहऱ्यावर स्पंजने द्यायचा पहिला थर. त्यावर मग सुरकुत्या, सावल्या, मिशा, जे असेल ते. कोणत्या पात्राला कोणता बेस, याचा एक तक्ता अभ्यासक्रमाला परिशिष्ट म्हणून जोडलेला होता आणि रंगभूषेच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावलेलाही होता. राजा, राणी, मंत्री, सावकार यांना क्रमांक दोन, गोरा. शेतकरी, कारकून यांना क्रमांक चार, गव्हाळ. धनगर, भिल्ल, हमाल, दासी, पहारेकरी आणि राक्षस यांना क्रमांक सात, काळा. तळाशी सूचना होती, 'प्रथम क्रमांक दोनने चेहरा एकसारखा करून घ्यावा, त्यावर पात्राचा बेस द्यावा.'

मीराच्या चिठ्ठीत आलं होतं, धनगर स्त्री, वय साठ.

"सर, माझी मावशी मेंढरामागं चालती," ती म्हणाली. "साठीचीच हाय. रंग माझ्यावानीच. म्हंजे मी आधी दोन नंबर लावून गोरं व्हायचं, अन् मग सात नंबर लावून पुन्हा मावशीवानी व्हायचं, असं व्हय?"

मी म्हणालो, तक्त्यात तसंच आहे.

"मग मी कोणता लावायला पायजे होता तेवढं सांगा. अर्जात तसं लिहिते, चुकलं म्हणते."

मी तिला म्हणालो, हाच प्रश्न अर्जात लिहा. तिने तोच लिहिला, बाकी काही लिहिलं नाही. अर्ज दीड ओळीचा झाला.

जूनअखेर मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होत्या विभागप्रमुख देशमुख मॅडम. रंगभूषा शिकवणारे साळवे सर होते. बाहेरचे सदस्य मोईनभाई. शहरात नाटकांना आणि लग्नांना रंगभूषा आणि दिवे पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. आणि कोपऱ्यात मी.

मॅडमनी अर्ज वाचला आणि परिपत्रकही वाचलं. तक्ता जाणार हे त्यांनी वाचता वाचताच ठरवलं असावं. त्या म्हणाल्या, आपण निरंक कळवलंय आणि हे भिंतीवर आहे.

साळवे सरांचं म्हणणं होतं की बेस म्हणजे रंगभेद नव्हे. रंगमंचावरच्या दिव्यात प्रत्येकाचाच चेहरा उडतो. काळ्याचाही उडतो, गोऱ्याचाही उडतो. बेस नसेल तर तिसऱ्या रांगेच्या मागे चेहरा म्हणून काही दिसत नाही. तो प्रकाशाचा भाग आहे, जातीचा नाही.

मोईनभाई म्हणाले, ते पिवळ्या दिव्यांच्या काळातलं झालं. आता एलईडीखाली दाट बेस लावला तर चेहरा भिंतीला गिलावा केल्यासारखा दिसतो.

"म्हणजे तुमचं मत बेस नको असं आहे का?" मॅडमनी विचारलं.

"मैडम, मेरा तो धंदाच गोरं करण्याचा हाय," मोईनभाई म्हणाले. "नवरीची आई येती, बोलती दोन शेड ऊपर पाहिजे. मी करतो. मला काय विचारता?"

मॅडमनी सुचवलं की पात्रांची नावं काढू, नुसते क्रमांक ठेवू. साळवे सरांनी विचारलं, मग सात नंबर कोणाला लावायचा? मॅडम म्हणाल्या, कोणालाही. सर म्हणाले, कोणालाही म्हणजे कोणाला, मी वर्गात काय सांगू? मॅडम म्हणाल्या, ज्याचा त्याचा मूळ रंग ठेवू. सर म्हणाले, मग गोऱ्या मुलीला धनगर बाईची चिठ्ठी आली तर? तिने गोरीच धनगरीण करायची का? मॅडम म्हणाल्या, का नाही, गोऱ्या धनगरणी नसतात का? मोईनभाई म्हणाले, असतात. मग सर म्हणाले, ठीक आहे, पण त्या मुलीने बेस लावला तर गुण द्यायचे, आणि कोळेकरने लावला नाही तर पण द्यायचे, मग गुण कशाचे?

त्या प्रश्नाखाली मी कच्च्या वहीत एक आडवी रेघ मारली.

नंतर साळवे सर बोलले. ते स्वतः सावळ्याहूनही गडद रंगाचे. वडील गिरणी कामगार, वस्ती रेल्वे स्टेशनमागची. ते शिकत असताना ज्या नाटकात राजा झाले, त्या नाटकाचा फोटो रंगभूषेच्या खोलीत होता, हे मला माहीत होतं. फोटोत ते ओळखू येत नसत.

"मॅडम, बेस नसता तर मला आयुष्यभर पहारेकरीच मिळाला असता," ते म्हणाले. "आमच्या मास्तरांनी दोन नंबर लावला आणि म्हणाले, आता तू कोणीही होऊ शकतोस. तो तक्ता त्यांनी केलाय. तुम्ही म्हणताय तो वाईट आहे. असेल. पण मी त्याच्यामुळे इथे बसलोय."

मॅडम म्हणाल्या, तुम्हाला राजा व्हायला गोरं का व्हावं लागलं, हाच तर प्रश्न आहे.

"हो," सर म्हणाले. "पण मला राजा व्हायचं होतं."

बैठक तहकूब झाली. इतिवृत्तात मी लिहिलं, 'रंगभूषेच्या परिशिष्टाबाबत सदस्यांनी अनुभव मांडले. विषय पुढील बैठकीत घेण्यात यावा.' कोण बरोबर होतं ते मला कळलं नव्हतं, आणि अजूनही नीट कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मला इद्रिस आठवला. सुदानचा विद्यार्थी. तीन-चार वर्षांपूर्वी याच विभागात होता, शहरातल्या छावणी भागात खोली घेऊन राहायचा, बाजारातल्या लोकांशी दखनी उर्दू बोलायचा. विभागाच्या प्रत्येक नाटकात तो पहारेकरी किंवा राक्षस असे. पेटीतला सर्वात गडद बेस सात नंबरचा, तो त्याच्या चेहऱ्यावर राखेसारखा दिसायचा. मला आठवत होतं की मंडळाने तेव्हा त्याला बेसमधून सूट दिली होती आणि बेसचे गुण इतर गुणांच्या प्रमाणात धरले होते. तसं असेल तर मीरासाठी तो दाखला होता. नवा नियम करायची, वाद घालायची गरजच नव्हती. एकाला दिलं ते दुसरीला द्यायचं, एवढंच होतं.

मी जुनं इतिवृत्ताचं रजिस्टर काढलं. ती बैठक सापडली. 'विषय क्र. ९ (ऐनवेळचा). रंगभूषा प्रात्यक्षिकातील एका अडचणीबाबत चर्चा झाली. योग्य तो निर्णय घेण्याचे अधिकार विभागप्रमुखांना देण्यात आले.' खाली सगळ्यांच्या सह्या. अडचण कोणती, कोणाची, निर्णय काय, काहीच नव्हतं. मजकूर माझा होता. कच्च्या वहीची पानं मी फाडलेली होती. तेव्हाचे विभागप्रमुख हयात नव्हते. परीक्षा विभागात इद्रिसचे फक्त एकूण गुण होते, पोटगुण नव्हते.

जुलैच्या मध्यावर दुसरी बैठक झाली. तहकूब विषय आल्यावर मी हात वर केला. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा केलं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही सदस्य नाही, पण बोला. मला जे आठवत होतं ते मी सांगितलं.

साळवे सर म्हणाले, "पत्रकारसाहेब, सूट वगैरे नव्हती. त्याला पुरळ यायचं. वैद्यकीय कारण होतं."

मोईनभाई म्हणाले, पुरळ नव्हतं, त्याच्यासाठी आपण स्वतः हैदराबादहून नऊ नंबरची डबी आणून दिली होती आणि परीक्षेत त्याने तीच लावली.

सर म्हणाले, नऊ नंबर त्या पेटीत कधीच नव्हता. मोईनभाई म्हणाले, पेटीत नव्हता, खिशात होता. मॅडम तेव्हा विभागात नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, लेखी काय आहे? मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी त्या दोन ओळी वाचल्या आणि रजिस्टर बंद केलं. इद्रिसचा जुना ईमेल पत्ता कार्यालयात होता. त्यावर विचारणा करायचं ठरलं. पण त्याच्या उत्तरासाठी थांबता येणार नव्हतं. मीराच्या हातात पंधरा दिवस होते, आणि ते मी बैठकीत सांगितलं.

मग मॅडमनी मीराची उत्तरपत्रिका मागवली. तिला जोडलेले दोन फोटो त्यांनी टेबलावर ठेवले. पहिल्यात तेवीस वर्षांची मुलगी. दुसऱ्यात साठीची बाई. साळवे सरांनी दुसरा फोटो उचलला, खिडकीपाशी नेला आणि चष्मा वर करून पाहत राहिले.

"हे डोळ्यांच्या कडेचं मी शिकवलेलं नाही," ते म्हणाले.

पुस्तकात सुरकुती म्हणजे गडद रेघ असते. मीराने उलट केलं होतं. डोळ्यांच्या कडेच्या घड्यांमधली आतली बाजू तिने थोडी उजळ ठेवली होती आणि वरचा भाग रापलेला. मोईनभाई सरांच्या खांद्यावरून पाहत होते. त्यांनी खुलासा केला. उन्हात डोळे बारीक करून जन्मभर चालणाऱ्या माणसाचं तसंच होतं.

"जिधर धूप नहीं पहुँचती, उधर रंग बाकी रहता," ते म्हणाले. "बराबर केलंय पोरीनं. तिनं बघितलेलं हाय."

साळवे सर परत येऊन बसले. म्हणाले, "दोन आणि सात, दोन्ही थर दिले असते तर हे झाकलं गेलं असतं." फोटो टेबलावर ठेवून म्हणाले, "म्हणजे मी सांगितलं तसं केलं असतं तर."

ठराव त्यांनीच मांडला. परिशिष्ट वगळावं. बेस आवश्यक आहे की नाही हे पात्र आणि चेहरा पाहून विद्यार्थ्याने ठरवावं आणि कारण द्यावं. बेस आवश्यक नसेल तिथे ते वीस गुण बाजूला ठेवून उरलेल्या तीसच्या प्रमाणात पन्नासपैकी गुण काढावेत. मोईनभाईंनी अनुमोदन दिलं. मीराचे अठरा त्या तीसपैकीच होते. प्रमाणात पन्नासपैकी तीस होत होते. हे आकडे मॅडमनी कागदावर मांडून सगळ्यांना दाखवले. बैठक संपली तेव्हा सगळ्यांची समजूत होती की मीरा उत्तीर्ण झाली. माझीही होती.

त्याच ठरावात आणखी एक वाक्य होतं. मूळ रंगाचा मुद्दा राहून जाऊ नये म्हणून मॅडमच्या सूचनेवरून ते घातलं होतं. 'विद्यार्थ्याने आपल्या चेहऱ्याचा मूळ रंग परीक्षा अर्जात नोंदवावा.' परीक्षा विभागाने तत्परतेने अर्जात रकाना वाढवला. पहिल्याच आठवड्यात फेरपरीक्षेचे अर्ज आले. एकाने रकान्यात 'नॉर्मल' लिहिलं, एकाने 'फोटोप्रमाणे', एका मुलीने 'आईसारखा'. दोघांनी रिकामा सोडला, तेव्हा खिडकीवरच्या लिपिकाने त्यांच्याकडे पाहून स्वतः भरला. भेदभाव काढायला बसलेल्या मंडळाने खिडकीवर माणसाचा रंग लिहायची सोय केली होती. तो ठरावही माझ्याच अक्षरात होता.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, मीरा पुन्हा आली. परीक्षा विभागाने तिला गुणपत्रिका नाकारली होती. तिच्या हातात ठरावाची झेरॉक्स होती. शेवटच्या ओळीखाली तिने पेनाने रेघ मारली होती. 'सदर बदल पुढील शैक्षणिक वर्षापासून लागू राहतील.' रंगाच्या रकान्याला मात्र ही ओळ कोणी लावली नव्हती.

"सर, हे वाक्य बैठकीत कोण बोललं?"

"कोणीच नाही."

"मग आलं कुठून?"

"मी लिहिलं."

"कामून?"

मी सांगितलं की अभ्यासक्रमातल्या प्रत्येक बदलाखाली ते वाक्य येतं. वर्षाच्या मध्ये अभ्यासक्रम बदलू नये म्हणून ते असतं. मी ते दर ठरावाला लिहितो. सदस्यांनी सही करताना ते वाचलं असेल किंवा नसेल. आजवर त्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

ती चिडलेली वाटत नव्हती. ती गोंधळलेली वाटत होती, आणि मीही तसाच दिसत असेन.

"खोडता येतं का?" तिने विचारलं.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र छापता येतं. इथे सह्या झालेल्या ठरावातला शब्द इतिवृत्तलेखक बदलू शकत नाही. अध्यक्षही एकट्याने बदलू शकत नाहीत. त्यासाठी बैठक लागते आणि बैठकीची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. मी त्याच दिवशी शुद्धिपत्राचा मसुदा केला. 'सदर वाक्य मंडळाच्या चर्चेत नव्हते. ते लेखकाच्या चुकीने समाविष्ट झाले आहे.' मॅडमनी सही केली. परीक्षा विभागाने तो कागद परत पाठवला. शेरा होता, 'मंडळाच्या मान्यतेनंतर सादर करावे.' नियमाने तो बरोबर होता.

मी निवासी शाळेत फोन केला. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं. त्यांनी विचारलं, ती पास आहे की नापास? मी म्हणालो, मंडळाच्या मते पास आहे, कागदावर नाही. ते म्हणाले, गुरुजी, मला कागद लावायचा असतो. आठ दिवस थांबता येईल का असं मी विचारलं. संस्थेला विचारून सांगतो, असं ते म्हणाले. त्यांचा फोन आला नाही. मीराला मी हे सगळं फोनवर कळवलं. ती "बरं" म्हणाली. तिचे वडील मागून विचारत होते, काय झालं म्हणून. त्यांना ती काय सांगत होती ते मला ऐकू आलं. "पास झालेय म्हणत्यात, पर आत्ता नाय."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बैठक झाली. शुद्धिपत्र मान्य झालं. मूळ रंगाचा रकाना काढला. त्याच बैठकीत इद्रिसचं उत्तर वाचण्यात आलं, ते आदल्या दिवशी आलं होतं. तो आता सुदानात, खार्तूममध्ये नव्हता, दुसऱ्या देशात होता. त्याने लिहिलं होतं की सूट, पुरळ किंवा हैदराबादची डबी यातलं त्याला काहीच आठवत नाही. त्याने बेस लावला नाही, कारण पेटीतला स्पंज कोणी धूत नसे. त्याबद्दल त्याला कोणी काही विचारलं नाही, आणि गुण कसे मिळाले ते त्याला माहीत नाही. शेवटी त्याने विचारलं होतं, आता तरी विभागाच्या नाटकात पहारेकरी कोण होतो?

मॅडमनी तो प्रश्न दोनदा वाचला. साळवे सर म्हणाले, सध्या विभागात परदेशी विद्यार्थी नाही. मोईनभाईंनी विचारलं, मग पहारेकरी कोण होतो? सरांनी एका मुलाचं नाव सांगितलं आणि ते थांबले. तो मुलगा कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत होतं.

या बैठकीचं इतिवृत्त मी वेगळ्या पद्धतीने लिहिलं. कोण काय म्हणालं ते नावानिशी लिहिलं. इद्रिसचा प्रश्न जसाच्या तसा घेतला. पुढच्या बैठकीत ते कायम करताना मॅडम म्हणाल्या, हे फार लांबलंय, नेहमीसारखं करा. साळवे सर म्हणाले, राहू द्या. मतदान झालं नाही. ते तसंच राहिलं. कच्च्या वहीची पानं मी त्यानंतर फाडली नाहीत. ती आता घरी आहेत आणि वाचताना कळत नाही की त्यांतलं काय ठेवायचं होतं.

तक्ता अभ्यासक्रमात नाही. त्याच्या जागी दीड पानाची सूचना आहे, ती तीन वेळा बदलली. सध्याच्या मजकुरात 'बेस' हा शब्द आहे की नाही याबद्दल मला खात्री नाही. निवृत्त होताना मी शेवटचा मसुदा हातावेगळा करून दिला होता आणि तो नंतर आणखी बदलला असं ऐकलं.

मीरा कोळेकरची गुणपत्रिका ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात छापून आली. रंगभूषा, पन्नासपैकी तीस, उत्तीर्ण. निवासी शाळेतली जागा जुलैच्या शेवटच्या दिवशी यादीतल्या पुढच्या उमेदवाराने भरली होती. गुणपत्रिका तिच्या वडिलांनी नेली. रजिस्टरमध्ये त्यांची सही आहे. पुढच्या वर्षी जूनमध्ये मीराने गुणपत्रिकेच्या दोन साक्षांकित प्रती मागितल्या. कारणाच्या रकान्यात तिने 'नोकरी' लिहिलं होतं. प्रती त्याच दिवशी देण्यात आल्या.